मंडळीत पुढारीपण आणि त्याग: किंमत कोण मोजतो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे भाऊ नाशिकच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नुकतेच कमिटीवर निवडून आले आहेत आणि सेक्रेटरीचे काम त्यांच्या गळ्यात पडले आहे. अंबडला एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. ते लिहितात: "सगळे म्हणतात, ख्रिस्ती पुढारी सेवक असावा. मी खुर्च्या लावण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत सगळे करतो, तरी लोक नाराजच. एखाद्या कामाला नाही म्हटले की गर्विष्ठ ठरतो. कंपनीत मी काम सांगतो आणि ते होते, इथे कोणाला काही सांगायची सोय नाही. घरी बायको म्हणते, तुमचा संसार चर्चमध्येच आहे. मग सेवक होऊन पुढारीपण करायचे म्हणजे नेमके काय, आणि त्याग करायचा तो किती?"

भाऊ, तुमच्या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तुमचे नाही, तुमच्या पत्नीचे आहे. त्याकडे मी येते. आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते. मी आयुष्य नर्सिंगमध्ये काढले, त्यातली बरीच वर्षे वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून. मंडळीच्या कमिटीवर आणि महिला संघातही दीर्घकाळ जबाबदारी होती. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण हाताखाली माणसे असणे आणि आपण कोणाच्या तरी हाताखाली असणे, या दोन्ही गोष्टी मी रोज जगले आहे.

इतक्या वर्षांत मला एक कसोटी खरी उतरलेली दिसली. पुढारी कुठलाही निर्णय घेतो तेव्हा त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. वेळ जातो, पैसा जातो, झोप जाते, मान जातो, श्रेय जाते. ती किंमत खालच्या माणसांवर ढकलली, तर पुढाऱ्याने सत्ता चालवली. ती त्याने स्वतः मोजली, तर त्याने त्याग केला. आणि ती त्याच्या घरच्यांनी मोजली, तर त्याग घरच्यांचा झाला आणि नाव त्याचे झाले. तुम्ही किती काम करता हा प्रश्न यात कुठे येतच नाही. भरपूर काम करणारा माणूसही सगळी किंमत दुसऱ्यांकडून वसूल करत असू शकतो.

ही कसोटी मी मनाने काढलेली नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. येशू यरुशलेमेच्या वाटेवर आहे. मला धरून देतील, माझी थट्टा करतील, मला जिवे मारतील, हे त्याने शिष्यांना तिसऱ्यांदा सांगितले आहे. आणि तेवढ्यात जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, जागा मागायला पुढे येतात. एकाला उजवीकडची, एकाला डावीकडची. बाकीचे दहा रागावतात, आणि मला तर वाटते ते रागावले याचे कारण जागा त्यांनाही हव्याच होत्या. येशू त्यांना जवळ बोलावून सांगतो की परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर धनीपण करतात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, कारण मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आलेला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला आहे. खंडणी मोजायची असते, आणि इथे मोजणारा तो स्वतः आहे. पुढे पंधराव्या अध्यायात मार्क उजवी आणि डावी बाजू पुन्हा सांगतो, तेव्हा त्या जागांवर क्रूसावर टांगलेले दोन लुटारू आहेत. त्या दोघा भावांना आपण काय मागतो आहोत हे कळलेच नव्हते.

याच वचनात आणखी एक गोष्ट आहे. मोठे होऊ नका, असे येशू म्हणत नाही. पुढे होणारा माणूस लागतो हे तो धरूनच चालतो. तो कसा असावा एवढे सांगतो. म्हणून मंडळीत कोणाला काही सांगायची सोय नाही हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. सांगायचे कसे आणि कशासाठी, एवढाच प्रश्न आहे.

योहानाच्या तेराव्या अध्यायातले पाय धुणे आपण दर पवित्र गुरुवारी ऐकतो. येशू भोजनावरून उठतो, वरची वस्त्रे काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. पण त्याआधीचे वाक्य आपण भरभर वाचून पुढे जातो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो उठला. आपण कोण हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून त्याला खाली बसता आले. ज्याला ते ठाऊक नसते तो सेवा करतो ती लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून. लोक म्हणाले नाहीत की तो कडवट होतो. वाईट वाटून घेऊ नका भाऊ, पण "तरी लोक नाराजच" या शब्दांत मला थोडा तो कडवटपणा जाणवला. त्या रात्री येशूने आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले आणि यहूदा बाहेर निघून गेला. सेवेचा मोबदला नाराजी हा असू शकतो. त्यामुळे सेवा खोटी ठरत नाही.

आणि पाय धुऊन झाल्यावर तो पुन्हा बसतो आणि म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच म्हणता, कारण मी तसा आहेच. अधिकार त्याने कुठे टाकून दिला नाही.

आता वॉर्डातले सांगते. सकाळचा हँडओव्हर झाला आहे. पक्षाघात झालेल्या एका आजोबांचे अंथरूण खराब झाले आहे आणि नवी विद्यार्थिनी पलंगापासून दोन पावलांवर थबकली आहे. अशा वेळी इनचार्जपुढे दोन सोपे रस्ते असतात. "अगं, बघत काय उभी राहिलीस, कर ना," असे ओरडायचे, किंवा "जा तू, मीच करते," म्हणून तिला बाजूला सारायचे. दोन्हीत ती मुलगी काही शिकत नाही. आमच्या चांगल्या सिस्टर तिसरेच करायच्या. स्क्रीन ओढायचा. ग्लोव्हज, कोमट पाणी, दोन चादरी जवळ घ्यायच्या. आधी आजोबांना सांगायचे, "बाबा, कूस बदलतेय हं." शुद्ध हरपलेली असली तरी सांगायचे. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, त्यांना आपल्याकडे वळवायचे. पलीकडे उभ्या विद्यार्थिनीला पाठ पुसायला सांगायचे, पाठीला आणि माकडहाडाला कुठे लाली आली आहे का ते बघायला सांगायचे. मळलेली चादर लांबीत गुंडाळत पाठीशी न्यायची, तिच्या मागोमाग स्वच्छ चादर सरकवायची, मग दुसरी कूस. सगळे होईपर्यंत सिस्टरांचा आवाज चढत नसे. पुढच्या खेपेला ती मुलगी स्वतः सुरू करायची आणि सिस्टर फक्त समोरची बाजू धरायच्या. नंतर सिस्टर तिथे नसायच्याच, औषधांच्या कपाटापाशी त्यांचे काम करत असायच्या.

रोज सगळे पलंग इनचार्जच करू लागली तर डॉक्टरांची राउंड, इंजेक्शनांच्या वेळा, ड्यूटी लावणे हे कोण बघणार? आणि तिने ते काम कधीच केले नाही, तर ते खालच्या दर्जाचे आहे असे सगळा स्टाफ न सांगता शिकतो. खुर्च्या तुम्ही लावता हे चांगलेच आहे. पण प्रत्येक रविवारी तुम्हीच लावत असाल आणि तरुण संघाची मुले बाहेर गाड्यांवर बसून मोबाइल बघत असतील, तर तुम्ही त्यांचे काम काढून घेतले आहे. हे सेवकपण नाही, भाऊ. आपल्यावाचून अडते, ही भावना माणसाला फार गोड लागते, आणि ती सोडायला तुम्हाला काहीतरी मोजावे लागेल. मुलांकडून खुर्च्या वाकड्या लागतील, त्या वाकड्या खुर्च्यांची बोलणी तुम्हाला ऐकून घ्यावी लागतील. ती ऐकून घेणे हा तुमचा त्याग.

वॉर्डात पुढारीपण खरे दिसायचे ते ड्यूटीच्या कागदावर. डिसेंबर आला की ख्रिस्ती मुलींना नाताळची रजा हवी असायची. दिवाळीत बाकीच्यांना, ईदेला आणखी कोणाला. इनचार्जला सहसा रात्रपाळी नसते. माझ्या वरच्या एका सिस्टर स्वतः ख्रिस्ती होत्या, घरी लेकरे होती, आणि २४ डिसेंबरच्या रात्रपाळीत त्या स्वतःचे नाव घालायच्या. आधीच्या वर्षी जिला नाताळ मिळाला नव्हता तिला पहिली रजा. कोणाचीही ओळख, कोणाचाही वशिला चालायचा नाही. कागद भिंतीवर लागला की कुरकुर व्हायची नाही, कारण सगळ्यात महाग खण कोणाच्या नावाने भरला आहे हे सगळ्यांना दिसायचे. एरवी बारा महिने त्या कडक होत्या. उशिरा येणाऱ्याला खडसावत, चार्टवर खोटी नोंद केलेली खपवून घेत नसत. त्यांचा शब्द मोडावा असे कोणाला वाटत नव्हते. हुकूम देण्याचा अधिकार असा कमवायचा असतो. तुमच्या कारखान्यातही हे चालेल. दिवाळीच्या आदल्या दिवशी थांबायची पाळी आली तर ती कोणावर टाकता ते बघा.

आता काम वाटण्याबद्दल, कारण कमिट्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचताना लोक म्हणतात, बारा प्रेषितांनी वाढण्याचे काम दुसऱ्यांवर टाकले. नीट वाचा. यरुशलेमेत शिष्य वाढत होते, आणि ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी लोकांची तक्रार आली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. तुमचा विश्वास कमी आहे, असेही म्हटले नाही. आम्ही वचनाची सेवा सोडून पंगतीची सेवा करणे ठीक नाही, तुम्हीच सात जण निवडा, असे सांगितले. आणि निवडलेल्यांची नावे बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सगळी नावे ग्रीक. म्हणजे ज्या गटावर अन्याय झाला, बहुधा त्याच गटाच्या माणसांच्या हाती सगळ्यांच्या अन्नाची वाटणी दिली. किल्ल्या सोडून दिल्या. आपल्याकडे किती कमिट्या हे करतील? नाशिकरोडच्या वस्तीतून येणारी कुटुंबे, बाहेरगावाहून कामासाठी आलेली कुटुंबे, वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसतात आणि कमिटीवर त्याच चार आडनावांची माणसे फिरून फिरून येतात. तुम्ही सेक्रेटरी आहात. कोणाची तक्रार सतत येते ते बघा आणि त्यांच्यातल्या समंजस माणसाला कामात घ्या, नुसते विचारण्यापुरते नव्हे, निर्णयात.

मोशेलाही त्याचा सासरा इथ्रो हेच सांगतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलास तर तू झिजशील आणि ही माणसेही झिजतील. "माणसेही" हा भाग आपण विसरतो. एकट्याने सगळे ओढणारा पुढारी लोकांना रांगेत ताटकळत ठेवतो.

आता तुमच्या पत्नीचे वाक्य.

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या मराठी मंडळीचे भूषण. त्यांची भजने आपण आजही गातो. देण्याच्या बाबतीत त्यांना हिशेब नव्हता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे पगारी कामही सोडले. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या या लेकीने, 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात त्या उदारपणाची दुसरी बाजूही लिहून ठेवली आहे. घरात आलेला पैसा कोणाच्या तरी गरजेला निघून जायचा, माणसे घरी आणली जायची, आणि उद्याची चूल कशी पेटवायची हे बघायचे लक्ष्मीबाईंनी. त्यांचे टिळकांवर प्रेम होते, आदर होता, हे पानोपानी दिसते. तरीही त्यांनी ते झाकले नाही. मला ते पुस्तक म्हणूनच मोलाचे वाटते. टिळकांच्या त्यागाची मोठी रक्कम लक्ष्मीबाईंच्या खात्यातून गेली. टिळक थोर होते म्हणून हे चालून गेले असे म्हणून आपण तोच कित्ता गिरवू नये.

आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की ज्याला आपले घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. हे वचन आपल्याकडे मुलांच्या वागण्यावरून पाळकांना टोमणे मारायला वापरतात. मी त्याचा अर्थ साधा घेते. घर हे पहिले ठिकाण आहे जिथे किंमत तुम्ही मोजायची. कारखान्यातून दमून घरी आलात, जेवलात, आणि मिटिंगला निघालात, तर मुलीचा अभ्यास, आईचे औषध, उद्याचा डबा हे सगळे एका माणसावर पडले. तिला कोणी विचारले का? तुम्ही कमिटीसाठी उभे राहिलात तेव्हा तिने हो म्हटले होते का, की तिला निकाल लागल्यावर कळले? उद्याच तिच्याशी बसा आणि आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी घराच्या, हे तिला ठरवू द्या. त्या संध्याकाळी पाळकांचा फोन आला तरी, "साहेब, आज नाही जमणार," म्हणा. कोणी मरणाच्या दारी असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा तीच तुम्हाला आधी पाठवेल.

नाही म्हणण्याबद्दलही तुम्ही विचारले आहे. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थना करतो आहे, आणि शिमोन शोधत येऊन सांगतो, सगळे तुला शोधताहेत. आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटले होते. तो म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. म्हणजे त्या गावात, कफर्णहूमात, कोणीतरी त्या दिवशी निराश झाले असणार. तो लोकांची सेवा करत होता, पण लोक त्याचे मालक नव्हते. तुमचेही नाहीत. जो सगळ्यांना हो म्हणतो तो बहुतेक वेळा लोकांना घाबरतो, आणि भीतीतून केलेल्या होकाराची किंमत पुढे कोणीतरी दुसराच चुकवतो. नकार देताना मात्र कारण खरे सांगा आणि जमेल तर दुसरा माणूस सुचवा. गर्विष्ठ म्हणणारे म्हणतील. काही महिन्यांत लोकांना गर्वाचा नकार आणि कामाचा नकार यातला फरक कळतो.

पैशाचे थोडक्यात. अर्पण दोघांनी मिळून, त्याच दिवशी, तिथेच मोजायचे, दोघांच्या सह्या, आणि रक्कम सगळ्यांना दिसेल अशी लावायची. खजिनदार तुमचा सख्खा भाऊ असला तरी. पौलासारखा माणूस यरुशलेमेच्या गरिबांसाठीची वर्गणी एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, कोणाला दोष ठेवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय आठवा. मिळकतीचे वाद, कोर्टकचेऱ्या हे सगळे आपण पाहिले आहे. त्यातले कितीतरी एका वहीने टळले असते.

एका गोष्टीवर मात्र मला जोर द्यायचा आहे, कारण आजकाल ती फार बोकाळली आहे. स्वतःला "देवाचा सेवक" म्हणवायचे आणि कोणी हिशेब विचारला, कोणी वागणुकीवर बोट ठेवले, की "अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन तोंडावर फेकायचे. ते वचन स्तोत्र १०५ मधले आहे. तिथे देव राजांना धमकावतो आहे, आणि ज्यांना हात लावू नका म्हणतो ते अब्राहाम, इसहाक, याकोब, म्हणजे परक्या देशात भटकणारी, पाठीशी कोणी नसलेली माणसे. दुबळ्यांच्या रक्षणाचे वचन बलवानाने आपल्या बचावाला वापरणे हे उलटे झाले. दाविदानेही आपल्या जिवावर उठलेल्या अभिषिक्त शौल राजाला मारले नाही, पण एन-गेदीच्या गुहेबाहेर येऊन, कापलेला झग्याचा काठ हातात धरून, सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला. ज्याला प्रश्न विचारता येत नाहीत तो सेवक नाही, मग त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेले असो. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांवर रागावला आहे तो याच कारणासाठी की त्यांनी कळप चारायचा सोडून स्वतःलाच चारले. आणि हे फक्त पाळकांना लागू नाही. कमिटीच्या सेक्रेटरीलाही लागू आहे, महिला संघाच्या अध्यक्षबाईंनाही.

याच्याशी जोडून दुसरी एक पळवाट. त्याग करा, सहन करा, असे वरच्याने खालच्याला सांगायचे. जिचा नवरा मारतो तिला, ज्या शिक्षकाचा पगार थकला आहे त्याला, झाडलोट करणाऱ्या बाईला. येशूने त्याग कोणाकडून वसूल केला नाही. तुमच्या चर्चच्या शिपायाचा पगार वेळेवर होतो का, हे बघणे सेक्रेटरी म्हणून तुमचे पहिले काम आहे असे मी म्हणेन. तुमच्या भाषणापेक्षा ते आधी.

खऱ्या पुढारीपणाचे उदाहरण बघायला नाशिकच्या माणसाला लांब जायला नको. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत, गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुले राहायची, शिकायची, हातकाम शिकायची. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये तो आणि नाशिकची आणखी काही मुले आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवाशाच्या तुकडीत गेली. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी वारले. आता विचार करा. साहेब गेला. पगार देणारा कोणी नाही. पळून गेले असते तर कोणी विचारले नसते. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांनी पुढाकार घेतला आणि सगळ्यांनी ठरवले की देह समुद्रापर्यंत न्यायचा. हृदय तिथेच झाडाखाली पुरले, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग हजार मैलांहून जास्त पायपीट, सुमारे नऊ महिने, आजारपण, वाटेतली गावे प्रेत नेऊ देत नव्हती. मध्ये त्यांना कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथेच पुरा. त्यांनी ऐकले नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते समुद्रकाठच्या बागामोयोला पोचले. तिथे इंग्रजांनी देह ताब्यात घेतला आणि माणसांचा पगार चुकता करून त्यांना मोकळे केले. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत आफ्रिकी माणूस एकटा जेकब होता. सुसी आणि चुमा तेव्हा तिथे नव्हते.

त्या वाटचालीत पद कोणाकडे होते? कोणाकडेच नाही. कोणी निवडून दिले नव्हते, नंतर श्रेयही नीट मिळाले नाही. पण ज्यांनी पुढाकार घेतला त्यांनी ओझेही उचलले. आपल्या संडे स्कूलमध्ये हे मुलांना सांगत नाहीत याचे मला खरोखर दुःख आहे. शरणपूरच्या मातीतले हे पुढारीपण आहे.

आता शेवटचे, तुम्ही न विचारलेले. तुमच्यानंतर कोण? पहिल्या मंडळीतला पुढारी बर्णबा याच्याकडे बघा. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, यरुशलेमेत कोणी जवळ करत नव्हते तेव्हा त्याने त्याचा हात धरला, पुढे तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियाला आणले. प्रेषितांच्या कृत्यांत सुरुवातीला "बर्णबा व शौल" असे येते. तेरावा अध्याय संपत येतो तोवर "पौल व बर्णबा" झालेले असते. मधे कुठे तक्रार नाही, भांडण नाही. पुढे त्यांचे बिनसले, पण ते मार्काला सोबत न्यायचे की नाही यावरून, म्हणजे तिथेही बर्णबा एका पडलेल्या तरुणाची बाजू धरून उभा होता. पंडिता रमाबाईंनी केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये हेच केले. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी उद्योग शिकवले, बायकांना छापखान्याचे काम शिकवले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि त्यांनी भाषांतर केलेले पवित्र शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर आले. त्या नसतानाही काम अडले नाही, कारण ते कसे करायचे हे दुसऱ्यांच्या हातात आधीच गेले होते.

तुमच्या बाबतीत मी एवढे करीन. पुढच्या मिटिंगचा अहवाल लिहायला तरुण संघातली एखादी मुलगी शेजारी बसवा आणि तिने लिहिलेला अहवाल तिच्याच नावाने वाचू द्या. नाताळची सजावट या वर्षी पूर्णपणे मुलांवर सोपवा, पैसे किती ते आधी सांगा आणि मग मधे पडू नका. जे वडीलधारे तुमच्यावर सतत नाराज असतात, त्यांच्या घरी मिटिंगचा विषय न काढता एकदा जाऊन या, चहा घ्या, त्यांची तब्येत विचारा. त्यांनी काही काम सांगितले तर लगेच हो म्हणू नका, "घरी विचारून सांगतो," म्हणा. आणि मुदत संपल्यावर पुन्हा उभे राहायचे का, याचा निर्णय या वेळी तुमच्या पत्नीला आधी विचारून घ्या.